दोन ते चारचा पहारा

५ एप्रिल २०२५, शनिवार

रामकृष्णहरी. उद्या रामनवमी, सप्ताह बसणार. आजचा सगळा दिवस देवळातल्या फळ्यापाशी गेला. सात दिवस वीणा खाली टेकवायची नाही, दर दोन तासांनी एकाच्या गळ्यातून काढून दुसऱ्याच्या गळ्यात द्यायची, हे आमच्या बोरजाईवाडीत माझ्या आजोबांपासून चालत आलं आहे. पूर्वी पहाऱ्यासाठी भांडणं व्हायची. आता शेतं कंपन्यांखाली गेली आणि माणसं शिफ्टला. सकाळ-संध्याकाळचे पहारे भरतात. दुपारी दोन ते चार मात्र कोणी मिळत नाही. जो तो कामावर, नाहीतर चाकणच्या रस्त्यात गाड्यांच्या रांगेत अडकलेला.

शेवटी माझ्या भाड्याच्या खोल्यांमधल्या रोहिदासला विचारलं. लातूरकडचा आहे. दोन वर्षं झाली, सात नंबरात बायको जयमालाबरोबर राहतो. पत्रा दाबायच्या मशीनवर काम करतो, हा आठवडा त्याला रात्रपाळी. मृदंग छान वाजवतो, आजोबा भजनी होते म्हणे. तो म्हणाला, "काका, मी चालतो का पण?" मला वाटलं जागरणाचं म्हणतोय. म्हटलं, "दोन तासांचं तर काम. नंतर झोप की खुशाल." तो हसला. मी फळ्यावर खडूनं लिहिलं, दोन ते चार : रोहिदास (लातूर).

६ एप्रिल, रविवार

वीणा उभी राहिली. आबाजींनी पहिला पहारा केला. ऐंशी पार केली आहे त्यांनी, डोळ्यांना कमी दिसतं, पण वीणा गळ्यात पडली की पाठ ताठ होते.

दुपारी रोहिदास अंघोळ करून पांढरा सदरा घालून आला. वीणा घेताना आबाजींच्या पाया पडला. रीतीप्रमाणे आबाजीही त्याच्या पाया पडले, तर बिचारा इतका मागं सरला की खांबाला धडकला.

संध्याकाळी माझा गणराज विचारत होता, "आण्णा, त्या सात नंबरवाल्याचं आडनाव काय हो?" गणराज चोवीस वर्षांचा आहे, घरोघर, दुकानोदुकानी कॅमेरे बसवायचं काम करतो. भाडेकराराची प्रत पोलिसांत द्यायची राहिली असेल, असं वाटलं. वाघमारे म्हणून सांगितलं.

८ एप्रिल, मंगळवार

रात्री उशिरा लिहितो आहे.

दुपारी मी पंचायतीत होतो. सरपंच दादासाहेब माझे चुलतभाऊ. त्यांनी 'सलोखा गाव' योजनेच्या कागदांसाठी बोलावलं होतं. वर्षभरात गावात जातीवरून, धर्मावरून एकही गुन्हा नोंदला गेला नाही की सरकार गावाला निधी देतं. पहिल्या हप्त्यात वेशीवरची कमान आणि कॅमेरे झाले. दुसऱ्यात देवळाचा सभामंडप व्हायचा आहे. गावच्या सलोखा समितीचा अध्यक्ष मी. देवळात बसणारा माणूस म्हणून मला केलं.

तीनच्या सुमारास ओरडा ऐकू आला. धावत गेलो तर रोहिदास देवळाच्या पायरीवर पडलेला. डोक्याच्या मागच्या बाजूनं रक्त. वीणेची एक तार तुटलेली. चौघं होते, तोंडं बांधलेली होती, जातीवरून शिव्या देत होते, असं वाण्याच्या दुकानातल्या बाईनं सांगितलं. थोड्या वेळानं तीच बाई म्हणाली, मी काही पाहिलं नाही.

रोहिदासला संत तुकाराम नगरच्या मोठ्या रुग्णालयात नेलं. मी गाडीत चढणार, तेवढ्यात हवालदार आले. "दत्तोबा, पंच म्हणून तुमीच पायजे. गावात तुमच्यासारखा माणूस दुसरा कोन?" आजवर अकरा वेळा पंच झालो आहे. दरवेळी त्यांचं लिहिणं लांबतं, म्हणून आमच्याकडे रीतच पडली आहे. पंचानं खाली सही करून मोकळं व्हायचं, ते वर सावकाश लिहितात. हरिपाठाची वेळ झाली होती. वीणा आबाजी एकटे धरून उभे होते. मी सही केली आणि देवळात गेलो.

गणराजनं पंचायतीतला कॅमेऱ्यांचा डबा लगेच काढून घरी आणला. सगळं चित्र त्या डब्यात साठतं. म्हणाला, "आण्णा, हा बंद पडलाय. दुरुस्त करून बसवतो." कामाला तत्पर आहे पोरगा.

९ एप्रिल, बुधवार

दोन ते चार पहाऱ्याला मी स्वतः उभा राहिलो.

गावात एकच बोलणं, वीणा जमिनीला टेकली. माणूस शुद्धीवर आला का, असं कोणी विचारत नाही. चौकात कोणी तरी म्हणालं, "अध्यक्षांनी फळ्यावर नुसतं लातूर लिवलं. आडनाव लिवलं असतं तर आमी वेळीच सांगितलं असतं." सगळे हसले. मी मान खाली घालून पुढं गेलो. काय सांगितलं असतं, हे विचारायला हवं होतं.

११ एप्रिल, शुक्रवार

रुग्णालयात जाऊन आलो. रोहिदास अजून बेशुद्ध. जयमाला बाकावर बसली होती. ती एका कंपनीत वायरी जोडायच्या लाइनवर आहे, अंगावर अजून तोच निळा कोट होता. मी पिशवीतली केळी पुढं केली. तिनं घेतली नाहीत.

"काका, पंच तुम्ही होता ना?"

"हो."

"मग काय लिहिलंय?"

म्हटलं, "जे होतं ते."

ती माझ्याकडे बघत राहिली. दुःखानं माणसाची नजर अशी होते.

१२ एप्रिल, शनिवार

काल्याचं कीर्तन झालं. सप्ताह उठला. गणराज पंगतीला बसला नाही, पोट बिघडलंय म्हणाला. सुमननं आग्रह केला नाही. ही माझी बायको कोणालाही प्रसादाशिवाय सोडणारी नाही, म्हणून नवल वाटलं.

तुटलेल्या तारेची वीणा आबाजींनी फडक्यात गुंडाळून स्वतःच्या घरी नेली. शुद्धीकरणासाठी ती मागायला माणसं गेली तर म्हणाले, "तिला काय झालंया?" आणि दार लावून घेतलं.

२७ एप्रिल, रविवार

रोहिदास शुद्धीवर आला आहे. बोलत नाही.

गुन्हा नोंदला गेला आहे तो गाडी लावण्यावरून झालेल्या बाचाबाचीचा. रोहिदासकडे गाडी नाही. दादासाहेबांना तसं म्हणालो, तर हसून म्हणाले, "अध्यक्ष, गाडी नसंना का त्याची, दुसऱ्याची असंल. पोरांपोरांचं झालं. आता तुमी जातीचं कलम लावायला लावा, मग योजना गेली, मंडप गेला. पुढच्या सप्त्याला लोकं उन्हात बसवा आणि सांगा, तुमच्यामुळं." मग खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुमी देवमानूस हाय, राव. ह्यात पडू नका."

मला त्यांचं पटलं नाही. पण उलटही काही बोललो नाही. रोहिदासच्या औषधाचा खर्च मी करायचा असं मनाशी ठरवलं. पैसे पाठवले, तेही जयमालानं परत केले.

१९ मे, सोमवार

रोहिदासला घरी आणलं. सात नंबरच्या दारात खुर्ची टाकून बसवतात. मला ओळखलं की नाही, कळलं नाही. डावा हात सारखा छातीशी धरून असतो, उजवा त्याच्या खाली. म्हटलं, छातीलाही मार लागला असेल. जयमाला म्हणाली, "छातीला काही नाही. डॉक्टरांनी फोटो काढून बघितलाय."

तिनं मला एक गोष्ट समजावून सांगितली. जातीवरून मारहाण म्हणून गुन्हा नोंदला असता तर मोठ्या अधिकाऱ्यानं तपास केला असता आणि उपचाराला सरकारी मदत मिळाली असती. बाचाबाचीला काहीच नाही. ती रोज पहिल्या शिफ्टहून सुटली की एका कार्यालयात जाते, अर्ज देते, पोच घेते. वहीत सगळ्या पोचपावत्या चिकटवल्या आहेत. मी म्हटलं, "देव बघतोय." ती म्हणाली, "त्यालाबी एक अर्ज देते."

मला राग यायला हवा होता. आला नाही.

२२ जून, रविवार

योजनेचा वार्षिक अहवाल तालुक्याला पाठवायचा होता. ग्रामसेवक घरी घेऊन आला. सगळे रकाने भरलेले. 'जातीय अथवा धार्मिक तेढीची घटना : निरंक.' खाली अध्यक्ष म्हणून माझी जागा मोकळी.

मी लेखणी घेऊन बराच वेळ बसलो. ग्रामसेवक म्हणाला, "आण्णा, नोंद नाही म्हणजे घटना नाही. सरकारी कागदाचा अर्थ तेवढाच असतो." स्वयंपाकघरातून सुमन बाहेर आली. मला वाटलं चहा आणला. हातात काही नव्हतं. ती नुसती दारात उभी राहिली आणि मी सही करेपर्यंत हलली नाही.

सही केली. लिहून ठेवतो, म्हणजे नंतर नाही म्हणता येणार नाही.

सुमननं देवघरातली समई काढून स्वयंपाकघरात नेली आहे. इथं वारा लागतो म्हणते. देवघराला खिडकी नाही.

२ ऑगस्ट, शनिवार

मंडपाचे खांब उभे राहिले. पत्रे येऊन पडले आहेत. सकाळी पूजेला बसतो आणि मन लागत नाही. देवघराच्या खालच्या कप्प्यात सप्ताहाची पताका घडी करून ठेवली आहे, ती फुगलेली दिसते. उंदीर शिरला असेल म्हणून हात घालणार होतो, सुमन एकदम ओरडली. मग म्हणाली, "मी बघते. तुमी जप करा."

कॅमेरे अजून बंद आहेत. गणराजला दोनदा आठवण केली. भाग मिळत नाही म्हणतो.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

झेंडावंदनानंतर नव्या मंडपात ग्रामसभा झाली. योजनेच्या खर्चाचं वाचन झालं. टाळ्याही झाल्या. मग मागून जयमाला उभी राहिली. अंगावर तोच निळा कोट, काखेत वही.

दादासाहेब म्हणाले, "ताई, ही गावची सभा हाय. भाडेकरूंनी बसून ऐकायचं. हितल्या मतदार यादीत नाव हाय का तुमचं?"

ती म्हणाली, "हाय की. मागल्या निवडणुकीला तुम्हीच फॉर्म भरून घेतलाव. फोटोचे पैसेसुद्धा तुम्हीच दिलाव."

बायकांच्या बाजूला हसू फुटलं. दादासाहेबही हसले, पण खुर्चीच्या हातावरची बोटं पांढरी झालेली मला दिसली.

तिनं माहितीच्या अधिकारात आणि वकिलाकडून मिळवलेले दोन कागद वर धरले. पहिला मार्च महिन्यातला. कॅमेरे बसवल्याचं बिल सरकारनं द्यावं म्हणून जोडलेला दाखला. 'देवळासमोरील कॅमेरा सुस्थितीत चालू असल्याची मी स्वतः खात्री केली आहे.' दुसरा आठ एप्रिलचा पंचनामा. 'घटनास्थळी लावलेला कॅमेरा जोडणी झाल्यापासून बंद असल्याचे पंचांनी सांगितले. पायरीवर रक्त आढळले नाही.'

"दोन्हीखाली सही एकाच माणसाची हाय," ती म्हणाली. "कॅमेरा बंद होता तर सरकारचा पैसा कशाचा घेतलाव? आणि चालू होता तर माझ्या नवऱ्याला मारलेलं चित्र कुठं हाय? मला दोन्हीतलं एक कायतरी पाहिजे. अध्यक्ष, यातलं खरं कुठलं?"

दोन वर्षं मला काका म्हणणारी मुलगी.

मी म्हटलं, "दुसरा परत वाच." तिनं वाचला. चार महिन्यांनी मी माझा पंचनामा पहिल्यांदा ऐकला. पायरीवर रक्त आढळले नाही. त्या दिवशी त्या रक्तातून पाय उचलून मी हरिपाठाला गेलो होतो.

म्हटलं, "कॅमेरा चालू होता. दाखला देताना मी पंचायतीत बसून पडद्यावर देऊळ बघितलं. आबाजी पायरी उतरताना दिसले होते. पंचनाम्यावर मी कोऱ्या कागदावर सही केली. अहवालातलं निरंकही खोटं आहे. हे सगळं सभेच्या वहीत लिहा."

गलका झाला. दादासाहेब उठून म्हणाले, "अध्यक्षांचं वय झालंय, उन्हानं तरास होतोय, सभा तहकूब." जयमालाचा आवाज त्यावर आला, "मग डबा कुठं हाय?"

मी म्हणालो, "दुरुस्तीला नेलाय."

"कुणी?"

नाव तोंडात आलं होतं. ते तोंडातच राहिलं.

१६ ऑगस्ट, शनिवार

सकाळी आबाजींनी बोलावणं पाठवलं. वीणा त्यांच्या मांडीवर होती. त्यांनी माझा हात धरून तिच्या भोपळ्यावरून फिरवला. तळाला कुठं ओरखडा नाही.

"टेकली न्हाई ही," ते म्हणाले. "मी खांबापाशी व्हतो. दिसत न्हाई, पन हातानं चाचपलं मी. पालथा पडू दिलं न्हाई त्यानं सोताला. उताणा पडला आणि दोनी हातांनी हिला छातीवर उचलून धरली. ती पोरं मारत व्हती तवा बी. दोनी हात वीनंला व्हते रं दत्तोबा, डोकं कुनी झाकायचं?"

"हे तुम्ही पोलिसांना का नाही सांगितलं?"

"मला कोन इचारायला आलं? पंच तू व्हतास."

घरी येऊन देवघराचा खालचा कप्पा उघडला. पताकेत गुंडाळलेला काळा डबा. एप्रिलपासून रोज पहाटे मी त्याच्यापुढं बसून जप करत होतो.

सुमन मागं येऊन उभी राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. "फेकून देत व्हता. मी त्याच्या हातनं काढून घेतला. तुमाला द्यायचा धीर झाला न्हाई, आणि फेकायचाबी झाला न्हाई. म्हटलं, कवातरी तुमीच हात घालाल."

"त्यात काय आहे?"

"ते मला इचारू नका. मी आई हाय."

१७ ऑगस्ट, रविवार

गणराज दुपारी बोलला. आधी रागानं, मग लहानपणी बोलायचा तसा. "आण्णा, मी फक्त आडनाव सांगितलं. आणि तिथं उभा व्हतो. हात लावला न्हाई मी." थोड्या वेळानं, "एकदाच लावला." मग म्हणाला, "मी डबा मोकळा करून देतो, मग कुठंबी न्या. माझ्या एकट्याचं न्हाई, त्यात दादासाहेबाचा जयदीप बी हाय. ते तुमाला जगू देतील का?"

मी त्याला म्हटलं, माझ्याबरोबर चल, स्वतः सांग. तो चप्पल घालून बाहेर गेला.

आडनाव त्याला मी सांगितलं होतं. वीणाही मीच दिली होती. रोहिदासनं विचारलं होतं, मी चालतो का पण. त्याला काय विचारायचं होतं, ते समजायला मला साडेचार महिने लागले.

१८ ऑगस्ट, सोमवार

डबा पताकेत गुंडाळून, मांडीवर घेऊन चिंचवडला गेलो. गावच्या चौकीत द्यायचा नाही, मोठ्या साहेबांच्या कार्यालयातच द्यायचा, असं जयमालाला सकाळी सांगून निघालो होतो. ती ऐकून तशीच निघाली होती. शिफ्टच्या बसला उशीर होत होता तिला.

साडेदहाला पोचलो. दारावरचा शिपाई म्हणाला, "ठेवा तिकडं कोपऱ्यात, साहेब आले की बघतील." म्हटलं, "खाली ठेवणार नाही. कोणीतरी हातात घ्या आणि पावती द्या." तो म्हणाला, "आजोबा, बाँब हाय का काय?" दुसरा म्हणाला, "देव दिसतोय, भगव्यात गुंडाळलाय." हसले. बसायला बाक दाखवला. बसलो असतो तर झोप लागली असती, म्हणून उभा राहिलो.

बारा वाजले. साहेब बैठकीला. एक वाजला. आतून एक जण येऊन म्हणाला, गावच्या सरपंचांचा फोन आला होता, घरचं भांडण असेल तर घरी मिटवा. दोन वाजले तेव्हा हातांना मुंग्या आल्या होत्या. घड्याळ समोरच होतं. दोन ते चार. मनात नाम चालू ठेवलं, पण मधेच ते तुटायचं आणि पायरी दिसायची.

पावणेचारला जयमाला आली. शिफ्टवरून थेट, निळ्या कोटात, वही घेऊन. माझ्याकडे पाहिलं, हातांकडे पाहिलं. मग तिनं दोन्ही हात पुढं केले.

मी डबा तिच्या हातांत दिला. वीणा दिल्यावर करतात तसा माझा मी वाकलो. तिनं पाय मागं घेतले.

"पाया नका पडू," ती म्हणाली. "पावती घ्या."

साडेपाचला साहेब आले. डबा तिनं त्यांच्या हातात दिला. जबाब झाला. दिसलं ते, सही केली ती, ऐकलं ते सगळं सांगितलं. नावं विचारली, ती सांगितली. पहिलं नाव गणराज दत्तोबा, आणि मग बाकीची. लिहून झाल्यावर हवालदारानं सवयीनं शेवटचं पान पुढं सरकवून बोट ठेवलं, इथं सही.

मी पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. तो घड्याळाकडे बघत राहिला. एका ठिकाणी 'किरकोळ' असं लिहिलं होतं, ते काढायला लावलं. मग सही केली.

घरी आलो तर गणराजची गाडी नव्हती. पेटीतले त्याचे कपडेही नव्हते. समई पुन्हा देवघरात होती, लावलेली. सुमननं दोनच ताटं घेतली.